चौथी ‘ब’चा वायू फाटकाबाहेर गेला

तीर्थरूप मामंजींना धाकट्या सुनेचा नमस्कार, आणि सासूबाईंना त्याहून थोडा जास्त, कारण तुमच्या डोळ्यावरची पट्टी निघेपर्यंत हे पत्र त्यांनाच मोठ्याने वाचायचं आहे. (सासूबाई, कंसातला मजकूर तुमच्यासाठी. तो मनातल्या मनात वाचायचा, आणि मामंजींनी “का थांबलीस?” असं विचारलं तर चष्मा पुसायचा.) ऑपरेशन नीट पार पडलं हे मोठ्या भावोजींनी फोनवर सांगितलं, तेव्हा इथे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. थेंब वेळच्या वेळी घाला, खाली वाकू नका, जड काही उचलू नका आणि मुख्य म्हणजे रागावू नका. रागावल्याने ताज्या ऑपरेशनवर ताण येतो, असं इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं स्पष्ट मत आहे. (त्यांना मी विचारलेलं नाही. पण विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं.) जाऊबाईंचा खोकला थांबला का? मुलांना आशीर्वाद सांगा. आम्ही इथे खुशाल आहोत. तुमचे धाकटे चिरंजीव दवाखान्यात लोकांचे दात काढतात आणि घरी माझ्यापुढे तोंड उघडत नाहीत, म्हणजे सगळं नेहमीसारखंच आहे.

आता मुद्द्यावर येते. शाळेत तुमच्या खुर्चीवर आता बसणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र तुम्हाला माझ्या आधी पोचलं असणार. चौथी ‘ब’चे विद्यार्थी शाळेच्या वेळात गल्लीभर पसरले, लोकांच्या भिंतींवर थापा मारत फिरले, आणि हे सगळं पीटीच्या बाईंच्या, म्हणजे तुमच्या सुनेच्या, शिट्टीवर झालं, असं त्यात असेल. ते खरं आहे. उलट त्यांनी एक-दोन गोष्टी कमीच सांगितल्या असतील, त्या मी भरून काढते. पुढच्या आठवड्यात शाळा समितीची बैठक आहे आणि तुम्ही येऊन सर्वांना शिस्तीविषयी चार शब्द सांगावेत अशी त्यांनी विनंती केली आहे, हेही मला ठाऊक आहे. तुम्ही जरूर या. वरच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला आहे. पण हे माफीपत्र आहे अशा समजुतीने पुढे ऐकत असाल, तर सासूबाईंना आत्ताच थांबायला सांगा. उगाच त्यांचा घसा सुकायला नको.

झालं असं की विज्ञानाच्या बाईंना डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत अंथरुणावरून हलू नका असं सांगितलं आणि चौथीचं विज्ञान पोरकं झालं. गणिताच्या बाईंना दोन वर्ग जास्तीचे होते, भाषेच्या सरांना चित्रातला उंदीरसुद्धा बघवत नाही, आणि मी मात्र मुख्याध्यापिकाबाईंना मैदानावर नुसती उभी असलेली दिसते. (उन्हात उभं राहणं हे काम आहे हे ऑफिसात बसणाऱ्याला कळत नाही.) त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “शिकवायचं काही नाही हो, धडा मोठ्याने वाचून दाखवायचा. तुमचा आवाज चांगला आहे.” मी तिथल्या तिथे सांगितलं की मी पीटीची बाई आहे, पीटीची बाई म्हणूनच निवृत्त होणार, आणि विज्ञानाच्या बाई आल्या की त्याच दिवशी हे पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवून मैदानावर निघून जाईन. मला या विषयाची हौस नव्हती, नाही, आणि पुढेही असणार नाही, हे तुम्ही ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं मी हौसेने केलं असा गैरसमज होणार नाही.

धडा होता पदार्थाच्या कणांचा. वर्गात फजिती नको म्हणून घरी एकदा वाचायला घेतला आणि पहिल्याच पानावर अडकले. जगातली प्रत्येक वस्तू, म्हणजे खुर्ची, पाणी, हवा, तुम्ही, मी, डोळ्यांनी दिसणार नाहीत इतक्या बारीक कणांची झालेली आहे, इथपर्यंत ठीक. लहानपणी आपणही हे घोकलंय आणि परीक्षा झाल्यावर विसरलोय. पण पुढे लिहिलं होतं की हे कण कधीच स्वस्थ नसतात. वायूतले मोकाट धावतात, द्रवातले एकमेकांच्या अंगावरून घसरतात आणि दगड-लोखंडातलेसुद्धा आपापल्या जागी उभे राहून सतत थरथरत असतात. मामंजी, मी ते वाक्य परत परत वाचलं. तुम्ही मला नोकरीवर घेतलंत तेव्हापासून मी मुलांना एकच गोष्ट शिकवत आले आहे: सावधान म्हणजे सावधान, पापणीसुद्धा हलता कामा नये. आणि इथे पाठ्यपुस्तक छातीठोकपणे सांगतंय की शाळेच्या फाटकाचा लोखंडी खांबसुद्धा सावधानमध्ये उभा राहू शकत नाही. मला आधी स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटलं. मग तुमचा. मग चहा प्यायले आणि मला हसू आलं. तुमच्या चिरंजीवांनी काय झालं विचारलं, तर त्यांना म्हटलं, “तुम्ही ज्या खुर्चीवर बसलात ना, ती थरथरतेय.” ते उठून खुर्चीचा पाय तपासायला लागले.

वाचून दाखवण्याचा प्रयत्न मी प्रामाणिकपणे केला. पहिला परिच्छेद संपेपर्यंत अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघत होता आणि उरलेला अर्धा अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघत होता, की त्यापेक्षा खिडकी परवडली. शेवटी मी पुस्तक मिटलं आणि खेळांच्या खोलीतून दोन मग आणले. (खेळांच्या खोलीत मग कशाला, असं मामंजी विचारतील. लिंबू-चमच्याच्या शर्यतीनंतर सरबताला.) एक मग सुके वाटाणे, एक मग मैदानावरची बारीक वाळू. दोन्ही एकत्र केले तर किती होतील? सगळे एका सुरात म्हणाले, दोन मग. मी एकेकाला पुढे बोलावून ओतायला लावलं, ढवळायला लावलं, डबा आपटायला लावला. दोन मग काही भरेनात. वाळू वाटाण्यांच्या फटींत जाऊन बसली होती. मुलांनी टेबलाखाली सांडलेली वाळू शोधली, माझी ओंजळ उघडून पाहिली, एकाने तर माझ्या ओढणीच्या टोकाची गाठ सोडायला लावली. मग मी सांगितलं की हे वाटाणे म्हणजे खरे कण नव्हेत, खरे कण यांच्यापेक्षा कितीतरी बारीक, पण त्यांच्यामध्येही अशाच फटी असतात. त्यावर किराणा दुकानदाराची मुलगी उभी राहिली. ही मुलगी प्रत्येक गोष्ट वजन करून घेतल्यासारखी घेते. तिने विचारलं, “बाई, त्या फटीत काय असतं?” मी म्हटलं, काही नाही. “काही नाही म्हणजे हवा का?” मी म्हटलं, हवा पण कणांचीच असते. “मग हवेच्या कणांमधल्या फटीत?” मी म्हटलं, काहीच नाही. सगळा वर्ग चिडीचूप झाला. मामंजी, तुमच्या काळात शाळेत टाचणी पडली तरी ऐकू यायची असं लोक अजून सांगतात. त्या दिवशीही आली असती. फरक इतकाच की तेव्हा पोरं तुम्हाला घाबरून गप्प असायची आणि ही पोरं विचार करत होती.

या तासाची पहिली तक्रार किराणा दुकानदाराकडूनच आली. कन्यारत्न संध्याकाळी दुकानात बसतं. तिने येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली की काका, शेंगदाण्यांचं माप भरलं की ते आधी आपटायला सांगा, दाणे खाली बसतात आणि आणखी मूठभर मावतात, तोवर मधल्या फटी तुम्ही विकत घेताय. तिचे वडील लालबुंद होऊन शाळेत आले आणि मुलीला शाळेत हे असलं शिकवतात का, असं त्यांनी विचारलं. मी विचारलं, तिने सांगितलं ते खोटं आहे का? ते म्हणाले, “खरं-खोटं हा प्रश्नच नाही.” मी म्हटलं, विज्ञानाच्या तासाला तोच एक प्रश्न असतो. (सासूबाई, हे उत्तर मला त्या वेळी सुचलं नव्हतं, घरी भाजी निवडताना सुचलं. पण वाचताना तिथल्या तिथे दिल्यासारखं वाचा.)

मग मात्र मी मागे हटले नाही. तुमच्या चिरंजीवांच्या दवाखान्यातून कोऱ्या इंजेक्शनच्या सिरिंजा आणल्या, सुया काढून. एकीत हवा भरायची, पुढचं भोक बोटाने दाबायचं आणि मागून दट्ट्या ढकलायचा. हवा मुकाट्याने आकसते, कारण तिच्या कणांमध्ये ऐसपैस जागा असते. तेच पाणी भरलं तर दट्ट्या जागचा हलत नाही, कण आधीच खेटून बसलेले. मुलांना हे इतकं आवडलं की पाणी आकसतच नाही यावर त्यांचा विश्वास बसेना आणि ती जोर लावत राहिली, एकाचं बोट सुटलं आणि समोरून हजेरीपट घेऊन येणारे हेडक्लार्क चिंब झाले. त्यांनी ते विनोदाने घेतलं नाही. त्यानंतर चिरंजीवांची सेंटची बाटली घेतली, जी त्यांनी कुठल्याशा समारंभासाठी जपून ठेवली होती. पंखे बंद केले, फळ्याच्या कोपऱ्यात बाटली उघडून ठेवली आणि सांगितलं, डोळे मिटा, वास आला की हात वर. मामंजी, तुम्ही ते बघायला हवं होतं. पहिल्या बाकावरचे हात वर गेले, मग दुसऱ्या, मग मधले, कोणी न सांगता हातांची एक लाट हळूहळू मागच्या भिंतीपर्यंत गेली. सेंटचे कण हवेतल्या कणांना धडकत, वाट काढत चालले होते आणि ते कुठवर पोचले ते मला मुलांच्या हातांवरून दिसत होतं. इतकी वर्षं मी मुलांचे हात एकदम वर करायला शिकवते. एकामागून एक वर जाणारे हात इतके सुंदर दिसतात हे मला माहीतच नव्हतं.

त्यात शेवटचा हात होता पुतळ्याचा. हिच्याविषयी सांगते. मागच्या बाकावर खिडकीच्या विरुद्ध बाजूला बसणारी, दोन घट्ट वेण्या घालणारी ही मुलगी. वर्गातली मुलं तिला पुतळा म्हणतात, आणि खरं सांगायचं तर शिक्षकही आपापसांत तेच म्हणतात. पहिलीपासून ती शाळेत बोललेली कोणी ऐकलेली नाही. हजेरीला नुसती उभी राहते. प्रगतिपुस्तकावर सगळ्यांनी एकच शेरा मारलेला, ‘अत्यंत गुणी, कोणताही त्रास नाही.’ मीसुद्धा कवायतीत दरवेळी तिचंच उदाहरण द्यायचे, बघा कशी उभी आहे. तर या मुलीने हात वर केला आणि बाकीच्यांचे खाली आले तरी तिचा वरच राहिला. तास संपेपर्यंत. मी तिला खाली कर म्हटलं नाही.

आता गल्लीचा प्रसंग. धडा संपत आला होता आणि मला वाटलं, कण बघता येत नाहीत तर निदान होता तरी येतील. मुलांना मैदानावर नेलं. फक्की घेऊन त्यांच्याच हातांनी एक मोठा चौकोन आखून घेतला, त्यामुळे सगळ्यांचे तळवे पांढरे झाले. शिट्टी एकदा म्हणजे घन: खांद्याला खांदा लावून ओळीत उभं राहायचं, जागा सोडायची नाही, पण जागच्या जागी थरथरायचं. शिट्टी दोनदा म्हणजे तापवलं, झाला द्रव: हात न सोडता एकमेकांभोवती घसरायचं. शिट्टी लांब म्हणजे आणखी तापवलं, वायू: सगळ्यांनी सुटं व्हायचं, मिळेल ती सगळी जागा व्यापायची, आणि भिंत लागली की तिच्यावर तळव्याने थाप मारून परत फिरायचं, कारण वायूचे कण भिंतींवर असेच आपटतात आणि त्यालाच आपण दाब म्हणतो. घन उत्तम झाला. द्रव तर इतका सुरेख झाला की पाचवीचा वर्ग खिडकीत गोळा झाला. मग मी लांब शिट्टी दिली. चूक मुलांची नव्हती. त्यांनी विचारलं होतं, बाई, भांडं कुठलं? चौकोन की मैदान? मी म्हटलं, मैदान. आणि नेमका त्याच वेळी नवीन बाकं घेऊन टेम्पो आला आणि चौकीदाराने फाटक उघडलं.

पुस्तकात लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. वायू मिळेल ती सगळी जागा व्यापतो. आमची गल्ली पुढे बंद आहे आणि त्या वेळी त्या टेम्पोखेरीज तिच्यात वाहन नव्हतं, हे नशीब. शिंप्याच्या दुकानात थाप, छापखान्यात थाप, किराणा दुकानात थाप (तिथे दुकानदाराचीच मुलगी गेली होती). तुमच्या चिरंजीवांच्या दवाखान्यात तर एकदम पाच-सहा कण शिरले. खुर्चीत एक आजोबा आ वासून बसले होते, तोंडात कापसाचे बोळे, त्यामुळे त्यांना काही विचारता येईना. पोरांनी चारी भिंतींवर पांढरे पंजे उठवले, आजोबांना नमस्कार केला आणि निघून गेली. चिरंजीवांनी मान वर केली नाही. नंतर मला म्हणाले, “मला वाटलं बघितलं तर माझ्यावर येईल.”

इथे मी थट्टा थांबवते, कारण त्या क्षणी मला थट्टा सुचत नव्हती. फाटकातून मुलं बाहेर जाताना दिसली. मी धावत गल्लीच्या मध्यावर गेले आणि दोनदा शिट्टी मारली. मामंजी, सगळे कण जिथे होते तिथून धावत आले, एकमेकांचे हात धरले आणि त्यांचा एक लांबलचक ओघळ वळणं घेत फाटकातून आत आला. मैदानावर एकदा शिट्टी मारली, घन झाला. मी डोकी मोजली. एक कमी. परत मोजली. पुतळा नव्हती. मी गल्लीतलं प्रत्येक दुकान पाहिलं, टेम्पोत पाहिलं, टेम्पोखाली पाहिलं. जी मुलगी कधी जागेवरून हलत नाही ती गेली असेल तर कुठे गेली असेल, याचा मला अंदाजच करता येईना. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंना सांगायला म्हणून ऑफिसचं दार ढकललं, तर ती आत होती. बाई फोन कानाला लावून उभ्या होत्या आणि फोनमध्ये बोलायचं विसरल्या होत्या. त्या खोलीत मुलं फक्त शिक्षा घ्यायला येतात. ही आपणहून आली होती, तीन भिंतींवर थाप मारून झाली होती आणि चौथ्या भिंतीवर तुमचा फोटो लावलेला आहे, म्हणून चवड्यांवर उभी राहून तिने थाप तुमच्या काचेवर मारली. माझ्याकडे वळून बघितलं. हसली. आणि माझ्या शेजारून धावत मैदानाकडे गेली.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला उभ्यानेच विचारलं, “तुम्हाला पुस्तक वाचून दाखवायला सांगितलं होतं ना?”

“वाचून दाखवलं. त्यात लिहिलंय तसंच झालं.”

“मुलं रस्त्यावर जातात असं लिहिलंय पुस्तकात?”

“नाही. फाटकाचं माझं चुकलं. ते मी लेखी देते.”

“फाटकाचं नको. सगळ्या प्रकाराची माफी लिहून द्या. आणि यापुढे विज्ञान वर्गात, बाकावर बसून, पुस्तकातून होईल असं लिहा.”

मी फाटकाचं लेखी दिलं. मुलांना बाहेर नेण्याआधी फाटकाला कुलूप घालायला हवं होतं, ते घातलं नाही, याची मला लाज वाटते आणि पुन्हा असं होणार नाही. पुढचं वाक्य मी लिहिलं नाही आणि लिहिणार नाही. कागद परत आला, मी तो पुन्हा तसाच पाठवला. सध्या हा कागद रोज ऑफिस ते मैदान अशा फेऱ्या मारतो आहे आणि शिपाई मला म्हणाला की बाई, एकदाचं काय ते ठरवा, माझे गुडघे दुखतात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या परिपाठाला सगळी शाळा मैदानावर उभी होती. मुख्याध्यापिकाबाईंनी माइक घेतला. मोठ्या सरांच्या काळात, म्हणजे तुमच्या, या मैदानावर पानसुद्धा हलत नसे, असं म्हणाल्या. आता पूर्ण सावधान, कोणी हलणार नाही. सगळ्या शाळेत टाचांचा आवाज झाला. आणि चौथी ‘ब’ थरथरायला लागली. जागा न सोडता, ओळ न मोडता, गंभीर चेहऱ्याने. मी सांगितलं नव्हतं, शपथेवर सांगते. बाई म्हणाल्या, चौथी ‘ब’, हलू नका. ती थरथरतच राहिली. बाईंचा आवाज चढला. तेव्हा मागच्या ओळीतून एक आवाज आला, बारीक पण स्वच्छ. “बाई, आम्ही हलत नाही आहोत. घन पदार्थ असाच उभा राहतो.”

“कोण बोललं?” बाईंनी विचारलं. आणि मामंजी, कोणालाच सांगता येईना, कारण तो आवाज त्या शाळेत आधी कोणी ऐकलेलाच नव्हता. तिच्या वर्गातली मुलं मान वळवून बघायला लागली. मग तिने स्वतः हात वर केला आणि आपलं संपूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मी हातातली शिट्टी घट्ट धरून उभी होते आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं. (सासूबाई, हे कंसात नाही, हे मोठ्याने वाचा.)

त्याच दिवशी दुपारी बाईंनी तुम्हाला पत्र टाकलं. त्या मुलीच्या आईलाही बोलावून घेतलं. ती आली, तिला वाटलं मुलगी आजारी पडली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “घरी ती बोलतेच हो. पण काल जेवायला बसल्यापासून थांबायलाच तयार नाही. आजीला पण थरथरायला लावलं. आता हिला गप्प कसं करायचं तेवढं शाळेनेच शिकवा.” मुख्याध्यापिकाबाईंजवळ गप्प करण्याचे उपाय भरपूर आहेत, पण त्यांनाही त्या वेळी एकही सांगावासा वाटला नसावा.

तुमचे चिरंजीव म्हणतात, दोन ओळी लिहून दे आणि मोकळी हो, बाबांना कशाला वाईट वाटू द्यायचं. भाषेचे सर म्हणतात, नमतं घ्यावं. हेडक्लार्क अजून बोलत नाहीत. मी तुम्हाला मान देते, तुम्ही ही शाळा उभी केलीत, माझ्यासारख्या खेड्यातून आलेल्या मुलीला मुलाखतीत एक आरोळी ऐकून नोकरी दिलीत आणि नंतर घरात आणलंत. पण तुम्ही त्या बैठकीत उभे राहून शिस्त म्हणजे न हलणं असं म्हणालात, तर मी खाली बसून ऐकून घेणार नाही. घरी मी सून आहे, घरी तुम्ही म्हणाल ते. शाळेत मी उठेन आणि विचारेन की चार वर्षं जी मुलगी हलली नाही, तिला आपण सगळ्यांनी गुणी म्हटलं, तिच्याशी कोणी बोललं का? मीही नाही बोलले. धडा परत पुस्तकात घातला तर ती परत मागच्या बाकावर जाऊन बसेल, आणि आपण पुन्हा तिच्या प्रगतिपुस्तकावर तोच शेरा मारू. त्या शेऱ्याखाली सही करण्यापेक्षा मी पेन ठेवून देईन. तुम्हाला राग आला असेल तर येऊ दे. डोळ्यांना मात्र हात लावू नका.

गाडीची वेळ कळवा, न्यायला येईन. आपली आज्ञाधारक (एवढं एक प्रकरण वगळून) धाकटी सून.

ता. क. १. भिंतींवरच्या पंजांविषयी लिहायचं राहिलं. शिंप्याने आणि छापखानेवाल्याने ते तसेच ठेवले आहेत. किराणा दुकानदाराने पुसले, पण माप आता तो स्वतःहून आपटतो.

ता. क. २. विज्ञानाच्या बाईंकडे जाऊन आले. मुलगा झाला आहे, दोघं ठीक आहेत. त्या म्हणाल्या की निदान वर्षभर तरी त्या येणार नाहीत, म्हणजे चौथीचं विज्ञान रिकामं आहे आणि बैठकीत ते कोणाला द्यायचं हे ठरणार आहे. मला या विषयाची हौस नाही हे मी वर सांगितलंच आहे. पण पुढच्या धड्यात मीठ पाण्यात विरघळून कुठे जातं ते आहे, आणि त्यासाठी मी बरण्या जमवून ठेवल्या आहेत, आणि त्या आता दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायच्या म्हटलं तर मला झोप लागणार नाही. समितीवर तुमचा शब्द खाली पडत नाही. तेवढा एक शब्द टाकाल का? याचसाठी हे पत्र लिहिलं, बाकीचं सगळं ओघात आलं.

ता. क. ३. आज सकाळी पाकीट चिकटवताना लक्षात आलं की या विषयासाठी अर्ज द्यायची मुदत दुपारपर्यंतच आहे. म्हणून पाकीट तसंच ठेवून तो देऊन आले. त्यात शेवटी एक ओळ घातली आहे: ‘माझे सासरे, या शाळेचे माजी मुख्याध्यापक, यांची या नेमणुकीला संपूर्ण संमती आहे.’ मुख्याध्यापिकाबाईंनी ती दोनदा वाचली आणि अर्जावर शिक्का मारला. मामंजी, ती ओळ खोटी नाही. फक्त थोडी आधी लिहिलेली आहे. बैठकीपर्यंत ती खरी करायचं तेवढं तुम्ही बघा.